पारीवरची वेणी

खोबरेल लावलेल्या केसांना सकाळच्या उन्हात जो कोमट वास येतो, त्यात कापलेल्या धानाचा कोरडा वास मिसळला की मला हिवाळा लागल्याचे कळते. यंदा हा वास मला रोज येत होता, कारण रोज सकाळी दवाखान्यात कामावर जाण्यापूर्वी मी माझ्या धाकट्या बहिणीची, शोभाची, वेणी घालत होते. उन्हाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय बराचसा सुधारला. हात मात्र तसाच मांडीवर पडून राही, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिल्यासारखा. मी नर्स आहे. असे हात मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी खोटी आशा लावण्याची मला सवय नाही.

शाळेच्या दिवसांत हेच केस ती चालत्या सायकलवर विंचरायची. पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आई उजाडायच्या आत शेतावर जाई, आणि रोवणाऱ्या बायांची न्याहारी पोहोचवून आम्हां दोघींना तिथूनच परस्पर मोहाडीच्या शाळेत जावे लागे. शाळेत दोन वेण्या, लाल रिबिनी लावून वर दुमडलेल्या, नसतील तर वर्गाबाहेर उभे करत. मी अंधारातच उठून माझ्या वेण्या घालून मोकळी होत असे. शोभा शेवटच्या क्षणापर्यंत झोपे, आणि मग तलावाच्या पारीवर, त्या उंच मातीच्या बांधावर सायकल चढली की खुशाल दोन्ही हात सोडून देई. एका अंगाला ढगांनी काळवंडलेले पाणी, दुसऱ्या अंगाला खोल उतरत गेलेल्या धानाच्या हिरव्या बांध्या, आणि मधल्या अरुंद वाटेवर रिबीन दातांत धरून, कोपर आभाळाकडे उचलून पेड घालत चाललेली ती. हँडल आपले आपण सरळ राही. मागून माझी सायकल, दोन्ही मुठी आवळलेल्या.

"शोभे, हँडल धर! तलावात जाशीन!"

तोंडात रिबीन असेतो ती उत्तर देत नसे. गाठ बसली की मग मान न वळवता ओरडे, "तू मांगून बोंबलू नको वो ताई! तुह्या बोंबलण्यानंच पडन मी!"

पडली मात्र कधी नाही. एकदा मी विचारलेही, हे जमते कसे. ती म्हणाली, काही करावे लागत नाही, फक्त हळू व्हायचे नाही. मला ते कधी जमले नाही आणि जमावे असे वाटलेही नाही. हँडल ज्या कामासाठी असते, त्यासाठी मी ते वापरले.

शोभाने लग्न केले नाही. लाखांदूरकडच्या एका खेड्यात ती अंगणवाडी चालवते आणि एकटीच राहते. रजा संपत आली तशी तिने माझ्या घरून परत जाण्याची भुणभुण लावली. चूल, न्हाणीघर, रात्री कडी लावणे, हे सगळे एका डाव्या हाताने. पुन्हा झटका आला तर आवाज द्यायला जवळ कोणी नाही. मी सरळ अट घातली: ज्या दिवशी स्वतःची वेणी स्वतः घालशील, त्या दिवशी मी तुला गाडीत बसवून देईन. परिचारिकेला शोभेल अशीच ती अट होती. बोटांची परीक्षाच होती. त्यानंतर ती तासन्‌तास आरशापुढे बसू लागली. डाव्या हाताने तीन पेड उचलायची, एक दातांत धरायची, दुसरा खांद्याशी दाबायची. वेणी मानेपर्यंतही न उतरता सुटून जायची. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि मदतीला जायचे नाही.

मग बाजाराच्या दिवशी ती कोणाला न सांगता बाहेर पडली आणि दुपारी परतली ती मानेपर्यंत केस कापून. दारात उभी राहिली. कापलेल्या केसांखाली तिची मान फार बारीक दिसत होती.

"आता घालाले वेणीच नाई," ती म्हणाली. "जाऊ का मंग?"

माझा संताप झाला. "केस कापून हात बरा होते काय?"

"नाई होत. मले का मालूम नाई?" ती पायरीवर बसली. उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर ठेवला. "पर इथं मी हळू होऊन राहिली, ताई. तू भरवतं, तू विंचरतं, तूच दार लावतं. हळू झाली का मी पडतो. तुले तं ठाऊक आहे."

वैद्यकीयदृष्ट्या तिचे म्हणणे चूकच होते, आणि आजही मी ते चूकच मानते.

दुसऱ्या दिवशी धुके होते. एसटीच्या पायऱ्या उंच. मी कोपर धरायला हात पुढे केला, तोवर तिने डाव्या हाताने दांडी पकडून अंग वर ओढले होते. वाहकाने पिशवी आत घेतली. खिडकीतून तिने हात हलवला नाही. एकच हात, आणि तो समोरच्या सीटचा दांडा धरण्यात गुंतलेला.

आज सकाळी सवयीने वाटीत तेल काढले आणि मग ते परत बाटलीत ओतले. कंगव्यात तिचे लांब केस अजून अडकलेले आहेत. तिला फोन लावला. घंटा वाजत राहिली, थांबली; पुन्हा लावला. चुलीपाशी असेल, किंवा हात गुंतला असेल, किंवा आणखी काही. ते आणखी काही काय असू शकते, याची मला माझ्या पेशामुळे पुरेपूर कल्पना आहे.

पारीवरही ती लगेच उत्तर देत नसे. तेवढा वेळ मी मागून, मुठी आवळून, तिच्याकडे नाही, पाण्याकडे बघत असे.

घंटा वाजते आहे.