काचेच्या झाकणाची सवत

मांडवगण फराट्याच्या कोळपे वस्तीवरील वच्छलाबाई कोळपे यांना आयुष्यात सवत अशी कधी लाभली नाही. त्यांचे यजमान ज्योतिबा यांनी लग्नानंतर दुसऱ्या बाईकडे मान वर करून पाहिले, असे त्यांचा वैरीही म्हणणार नाही. त्यामुळे नातवंडे मोठी झाल्यावर आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर आपल्याला सवतीमत्सर सोसावा लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. आणि ती सवत म्हणजे ओट्यावर बसवलेले, काचेच्या झाकणाचे, विजेवर चालणारे एक भांडे असेल, हे तर सांगूनही कोणास खरे वाटले नसते.

वच्छलाबाईंच्या मनाची ही गत का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागचे सांगणे आवश्यक आहे.

कोळपे यांच्याकडे पूर्वी मेंढरे होती. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून सगळे बाहेर पडत आणि रानोमाळ मेंढरे बसवीत. त्या फिरत्या संसारात चूल तीन दगडांची असे, पण एक नेम मोडत नसे. रात्री भाकरी झाल्या की निखाऱ्यांवर राख ओढून त्यावर जोंधळ्याच्या कण्यांचे मडके ठेवायचे. रात्रभर त्या मंद आचेवर कण्या शिजत. पहाटे कळप सोडण्याआधी धनगराने त्यातली पहिली वाटी खायची आणि ती वाटी घरच्या कारभारणीनेच त्याच्या हातात द्यायची. ही वाटी दुसरीने दिली तर कळप भरकटतो, असे ज्योतिबांच्या मातोश्री म्हाळसाबाई सांगत असत.

वच्छलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या कारभारीण नव्हत्या. कारभारीण म्हाळसाबाई होत्या. नव्या सुनेने पाणी आणावे, लेंड्या झाडाव्यात, कोकरे राखावीत. पण पळीला हात लावला की सासूचे उत्तर ठरलेले असे.

"तुझ्या हाताला आजून चव न्हाई. ठिव ती पळी."

सुनेने कित्येक वर्षे आपल्याच नवऱ्याला दुसऱ्या बाईच्या हातची वाटी घेताना पाहिले. ती बाई त्याची जन्मदाती होती, हे त्यांस समजत होते. तरीही त्या वेळी त्या कोकरांकडे तोंड करून बसत. शेवटी म्हाळसाबाईंचे हात कापू लागले. एके पहाटे त्यांनी काही न बोलता पळी सुनेच्या हाती दिली आणि तोंड फिरवून घोंगडी पांघरली. त्या दिवशी वच्छलाबाईंना आपले लग्न खरोखर लागल्यासारखे वाटले.

पुढे मेंढरे विकली. पाटाचे पाणी आले, ऊस आला, स्लॅबचे घर झाले. ज्योतिबा पहाटे कळपाऐवजी उसाला पाणी धरायला जाऊ लागले. परंतु परसात चूल राहिली, चुलीला वैल, म्हणजे बाजूचे मंद आचेचे तोंड, राहिला आणि वैलावर कण्यांचे मडके राहिले. पहिली वाटी वच्छलाबाईंच्याच हातची राहिली.

त्यांची सून स्वप्नाली रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. मुलगी कामाची आहे आणि तोंडानेही गोड आहे. कंपनीत महिला दिनाची सोडत निघाली, तीत तिला हे भांडे लागले. त्याला स्लो कुकर म्हणतात. आत जड मातीचे पात्र, बाहेर विजेचे कवच, वर काचेचे झाकण. रात्री बटण दाबले की पहाटेपर्यंत ते आपले आपण मंद मंद शिजवीत राहते. घरी आणल्यावर ते पुष्कळ दिवस माळ्यावर पडून होते.

याच सुमारास ज्योतिबांनी कवळी बसवली. ती हिरड्यांना बसेना. आणि नेमक्या त्याच वेळी वच्छलाबाईंना भावाच्या दुखण्यासाठी केडगावला जावे लागले. त्यांची पाठ वळताच स्वप्नालीने भांडे माळ्यावरून उतरवले. सासऱ्यांना चावावे लागू नये म्हणून तिने त्यात ओट्स, दूध, पाणी, सफरचंदाच्या फोडी, खोर गावचे सुके अंजीर, खजूर, दालचिनीचा तुकडा, वेलची आणि किंचित जायफळ घातले. सकाळी सगळे लोण्यासारखे मऊ झाले. वर तिने डाळिंबाचे दाणे पेरले. ते ज्योतिबा गिळून टाकीत, पण त्यांना पाहायला आवडत.

वच्छलाबाई केडगावाहून परतल्या, त्या रात्री त्यांनी वैलावर मडके ठेवले. सकाळी वाटी भरून नवऱ्यापुढे धरली.

"आवो, कण्या."

"ठिव झाकून. दुपारच्याला खातो," ज्योतिबा म्हणाले. "सकाळचं पोरीनं केलंय."

एवढेच ते बोलले. त्यांच्या मनात काही नव्हते. परंतु वच्छलाबाई वाटी घेऊन परसात आल्या. मडक्यातल्या कण्यांवर साय धरली होती. त्यांनी त्या सगळ्या म्हशीच्या आंबोणात ओतल्या.

पुढे कण्यांची वाटी त्या रोज दुपारसाठी झाकून ठेवू लागल्या, पण त्या दिवसापासून ते भांडे त्यांच्या डोळ्यांत सलू लागले. ना धूर, ना राख, ना फुंकणी, आणि तरी शिजते म्हणजे काय? कष्ट नाहीत त्या अन्नाला चव कशी येईल? त्याचा लाल दिवा रात्री त्यांच्याकडे टक लावून पाहतो, असे त्यांना वाटे. त्या त्यावर मुद्दाम फडके टाकीत. स्वप्नाली ते सकाळी घडी करून ठेवी.

एकदा घरात कोणी नसताना त्यांनी तळाला उरलेले बोटावर घेऊन चाखले. ते बेचव निघाले असते तर त्यांचा निम्मा ताप उतरला असता. पण ते चांगले होते. दालचिनी जिभेवर हळूच येत होती, अंजिराच्या बिया दाताखाली बारीक वाजत होत्या. वच्छलाबाईंनी चूळ भरली.

त्यात शेजारच्या ताईबाईंनी जखमेवर मीठ चोळले. गवार निवडायला म्हणून त्या ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या,

"काय वच्छलाबाय, रिटायर झालात म्हनं?"

"कोन म्हनतं?"

"कोन कशाला? तुमचं धनीच पारावर सांगत व्हतं. सुनंनं कसलीशी खीर केली, दात न लावता उतरती. आमच्या ह्यांनी घरी येऊन मलाच इचारलं, तुला येती का?"

"घोड्याचा खुराक हाय त्यो," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मग घोडं खूश हाय की तुमचं!" ताईबाई गवारीची शेंग मोडीत हसल्या.

वच्छलाबाईंना त्या रात्री अन्न गोड लागले नाही. अखेर त्यांनी एक तडजोड काढली. केडगावाहून भावाने आपल्या गुऱ्हाळावरच्या गुळाची ढेप दिली होती. ती त्यांनी काढली, चांगला पिवळाधमक खडा फोडला आणि स्वप्नालीपुढे ठेवला.

"तुझ्या त्या भांड्यात ह्यो घाल. माझ्या माहेरचा हाय."

स्वप्नाली सफरचंद चिरीत होती. ती सरळपणे म्हणाली, "आत्या, ह्यात गूळ नाही चालायचा. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटतं. मी खजूर घालते ना."

ती बोलली ते खरे होते, आणि दूध कशाने फाटते हे धनगराच्या घरात कोणी शिकवण्याची गरज नव्हती. परंतु मत्सराने भरलेल्या मनाला खरे बोलणे अधिक झोंबते. नवरा गेला, वाटी गेली, आता माहेरच्या गुळालाही उंबऱ्यावरून परत पाठवले. वच्छलाबाईंनी खडा पदरात बांधला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घर निजलेले असताना त्या स्वयंपाकघरात आल्या. काचेवर आतून वाफेचे थेंब जमले होते. त्यांनी झाकण उचलले. दुधाचा गरम, गोडसर वास तोंडावर आला. पदराची गाठ सोडून त्यांनी गुळाचा अख्खा खडा आत सोडला, पळीने एकदा ढवळले, झाकण ठेवले आणि परसात जाऊन मुकाट्याने तोंड धुऊ लागल्या. सुनेची फजिती व्हावी, भांडे पुन्हा माळ्यावर जावे आणि नवऱ्याने हात पुढे करून कण्या मागाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी वैलावर मडके ठेवलेलेही होते.

ज्योतिबा अंघोळ करून पाटावर बसले. स्वप्नाली कंपनीच्या गाडीसाठी घाईत होती. तिने झाकण उचलले आणि ती थबकली. आत सगळे तपकिरी झाले होते आणि दुधाच्या बारीक बारीक कण्या पडल्या होत्या.

"मामा, थांबा. हे नासलंय."

"कसं नासलं? रोज तर न्हाई नासत," ज्योतिबा म्हणाले.

वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. "इजंवरचंच ते. त्येचा काय भरवसा," त्या म्हणाल्या. "मी कण्या आणते."

"थांब की जरा," ज्योतिबांनी नाक वर केले. "वास तर निराळाच येतोय. आन गं पोरी, वाईच वाढ. नासलं तर थुकीन."

स्वप्नालीने नाइलाजाने वाटीत थोडे वाढले. ज्योतिबांनी चमचा तोंडात घातला. त्यांनी डोळे मिटले. नंतर दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. वच्छलाबाईंना वाटले, आता थुंकतील.

"आगं," ज्योतिबा म्हणाले, "ह्यो तर चीक हाय! मेंढरं व्यायली की आय गूळ घालून चीक शिजवायची, तीच चव! वच्छे, तुला आठवतोय का आयचा खरवस? कितीदा केलास तू, पर तशी चव कवा आली न्हाई. पोरीनं आणली बघ! सूनबाई, आता रोज आसंच करायचं."

फाटलेले दूध, गूळ आणि वेलची एकत्र आली की खरवसाची चव येते, हे वच्छलाबाईंच्या ध्यानात आलेच नव्हते. ज्या सासूच्या हाताशी त्यांची जन्मभर बरोबरी झाली नाही, त्या हाताची चव आज त्यांच्या स्वतःच्या हातून उतरली होती आणि तिचे श्रेय सुनेच्या पदरात पडत होते. बोलावे तर मनातली कीड उघडी पडते. गप्प बसावे तर पहिली वाटी कायमची जाते.

स्वप्नालीने भांड्यात पाहिले, मग सासूच्या पदराकडे पाहिले. गाठीच्या जागी गुळाचा ओला डाग होता. गुळाचा डाग लपत नाही. तिने मनात आणले असते तर सासऱ्यांची शाबासकी घेऊन ती गाडीला निघून गेली असती.

"मामा, हे माझं नाही," ती म्हणाली. "मी गूळ घालत नाही."

"मग कुनी घातला?"

वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी घातला."

"कवा?"

"पहाटं."

"कशापायी गं?"

खोटे बोलायला सवड होती. चव यावी म्हणून घातला, एवढे म्हटले असते तरी भागले असते. परंतु त्या चुलीपुढे वाढलेल्या बाई होत्या. आपल्या हातच्या पदार्थाविषयी त्यांना खोटे बोलता येईना.

"नासावं म्हनून," त्या म्हणाल्या.

स्वप्नालीने खाली पाहिले. ज्योतिबांचा चमचा वाटीतच राहिला. कदाचित झाकून ठेवलेल्या, दुपारपर्यंत गार झालेल्या सगळ्या वाट्या त्यांना आठवल्या असाव्यात. मग उरलेले संपवून त्यांनी वाटी बायकोपुढे धरली.

"मग आजून वाढ. आन् उद्याबी नासव."

स्वप्नालीला हसू आवरले नाही. तिने पळी सासूच्या हाती दिली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "आत्या, रात्री बाकीचं मी घालून ठेवीन. गुळाचं तुमचं तुम्ही बघा. मला तेवढं धाडस नाही." आणि ती गाडी गाठायला पळाली.

वच्छलाबाईंनी वाटी भरली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

म्हणून मत्सर संपला असे नाही. ज्योतिबा "आयची चव" म्हणाले की त्या आजही तोंड वाकडे करतात आणि विचारतात, "आय येती का गूळ टाकायला?" भांड्यावरचे फडके मात्र त्यांनी काढले. आता काचेचे झाकण त्या स्वतः पुसतात, जरा गरजेपेक्षा जोरानेच, आणि दुसऱ्या कोणास पहाटे त्याला हात लावू देत नाहीत.

पुढे एकदा ताईबाई डोकावल्या, तेव्हा वच्छलाबाई गूळ फोडीत होत्या.

"सवत नांदाया लागली म्हनायची," ताईबाई म्हणाल्या.

"नांदतीय," वच्छलाबाईंनी खडा पदरात बांधला. "पर माझ्या हाताखाली."