मामासासऱ्यांचा उजवा लाल दिवा

आमच्या मामासासऱ्यांइतका संताप मी उभ्या विदर्भात दुसऱ्या कोणाजवळ पाहिला नाही, आणि तो सगळाच्या सगळा त्यांनी गाड्यांच्या मागच्या बाजूवर खर्च केला. लोक मोटारीचं तोंड बघतात, रंग बघतात, आत कोण बसलंय ते बघतात. मामा थेट मागे जात. पुढच्या गाडीने ब्रेक मारला आणि तिचा लाल दिवा लागला नाही, तर सीताबर्डीच्या ऐन गर्दीत ते आपली काळी मोटार तिला आडवी घालत आणि त्या गृहस्थाला खाली उतरवून विचारत, "तुम्ही थांबून राहिले, हे मले समजावं कसं? पत्र टाकणार होते काय?" एकदा संत्र्यांच्या एका ट्रकचा मागचा दिवा बंद दिसला म्हणून त्यांनी हॉर्न वाजवत त्याचा कामठीपर्यंत पाठलाग केला. ड्रायव्हरला वाटलं, आपली पेटी पडली आणि हा देवमाणूस ती द्यायला आला. त्याने हात जोडून डझनभर संत्री पुढे केली. मामांनी त्याला पाऊण तास झापलं. संत्री मामींनी घेतली.

माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. वरातीच्या मोटारीला मागून झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. बँडवाले रंगात आले असताना एक उंच, धोतरातला माणूस तरातरा आला आणि त्याने सगळ्या माळा ओरबाडून काढल्या. मग माझ्या खिडकीशी वाकून अतिशय अदबीने म्हणाला, "जावईबापू, दिवे झाकले होते. फुलं समोर लावतो."

ही अदब लक्षात ठेवा, कारण सगळं पुढे तिच्यामुळेच बिघडलं. आमच्याकडे जावयावर ओरडायची रीत नाही. लग्नानंतर आमचं बिऱ्हाड मामांच्याच गल्लीत होतं, तरी मामा कलेक्टरवर ओरडले असते, पण माझ्यावर नाही. माझ्या चुकांचा राग ते जवळ जो असेल त्याच्यावर काढत, आणि जवळ नेहमी मामी असत.

मागच्या दिव्याचा बल्ब घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे मुलीसाठी स्थळ बघायला जाणं. सदरमधला दुकानदार त्यांना पाहिलं की खुर्ची बाहेर टाकून स्वतःसाठी चहा मागवी. मामा एकेक बल्ब उन्हात धरत, कानाशी हलवत, काच धोतराच्या सोग्याने पुसत. आत दोन तारा. एक बारीक, ती रात्रभर मंद जळायची. एक जाड, ती ब्रेक दाबला की भडकन पेटायची. दोघींची अदलाबदल होऊ नये म्हणून बल्बच्या कमरेला दोन खिळे असतात, एक जरा वर, एक जरा खाली, म्हणजे बल्ब एकाच बाजूने बसतो. ते खिळे मला दाखवत मामा म्हणत, "ज्यानं हे वरखाली केले तो शहाणा होता. त्याले माहीत होतं का जगात गाढव आहेत."

त्यातलं एक गाढव त्यांच्या शेजारीच उभं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ब्रेकचा दिवा ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. पेडल दाबणाऱ्याला तो दिसत नाही. त्यामुळे रोज सकाळी मोटार काढण्याआधी मामी पिठाच्या हातांनी बाहेर येत, मोटारीमागे उभ्या राहत, मामा पेडल दाबत आणि मामी म्हणत, "लागले." हा शब्द कानावर पडल्याशिवाय मोटार फाटकाबाहेर जात नसे. मामींना उशीर झाला की सगळ्या गल्लीला कळे.

एका रविवारी उजवा बल्ब गेला. मामांनी तासभर पारखून नवा आणला आणि ते आंघोळीला गेले. तेवढ्यात आपण बसवून ठेवावा, अशी दुर्बुद्धी मला झाली. बल्ब काही बसेना. शहाण्या माणसाने तो फिरवून पाहिला असता. मी मामांची कानस घेतली, अडणारा खिळा घासून सपाट केला, आणि बल्ब मुकाट्याने उलटा आत गेला. मला स्वतःचा अभिमानही वाटला.

मामी मागे येऊन उभ्या राहिल्या. मामांनी पेडल दाबलं.

"डावा लागला. उजवा मंद आहे."

"ब्रेकचा दिवा मंद नसते. लागते, नाहीतर नाही लागत. नीट पाह्य."

"नीटच पाहून राहिली. मंद आहे."

आवाज चढला. शेजारी ओट्यावर आले. शेवटी मामा आतूनच म्हणाले, "जावईबापू, जरा तुम्ही पाहा."

मी पाहिलं. डावा निखाऱ्यासारखा फुलला होता, उजवा विझत आलेल्या उदबत्तीसारखा. कानस अजून माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "दोन्ही सारखे आहेत, मामा."

मग काय विचारता, मामा मामींवर तुटून पडले. जावई खोटं बोलून राहिला काय, डोळ्यांत वाती घातल्या काय, दिसत नसेल तर तसं सांगायचं होतं, आंधळ्या माणसाच्या भरवशावर मी रोज रस्त्यावर जातो काय. चारचौघांत, पाच मिनिटं. मामी मामांकडे पाहत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी हात धुतले, पिशवी भरली आणि बहिणीकडे कामठीला जाणारी बस धरली. जाताना एवढंच म्हणाल्या, "मागं उभे राहायले आता जावई आहेत."

दोन दिवस मोटार हलली नाही. मामा दुधवाल्यावर ओरडले, करपलेल्या वरणावर ओरडले, सायकलला मागे लाल काच नाही म्हणून पोस्टमनवर ओरडले. मलाही त्यांचा भयंकर राग आला होता. चूक माझी असली की मला नेहमीच दुसऱ्याचा राग येतो. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. मी बल्ब काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी सपाट खिळ्यावरून अंगठा फिरवला. "कोणी घासला?"

"मी. अन् त्या दिवशी मामी खरं बोलत होत्या."

जावयाला शिव्या पडताना आमच्या गल्लीने त्या दिवशी प्रथमच ऐकलं. गाढवापासून सुरुवात झाली, आणि पहिल्याच वाक्यात मी 'तुम्ही'चा 'तू' झालो. पण ते बल्बबद्दल नव्हतं. "बल्ब दुसरा येते गा," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांनी बल्ब मुठीत धरला. "तिचं खरं होतं. अन् मी तिले लोकाइसमोर आंधळी म्हटलं."

नवा बल्ब बसवून आम्ही कामठीला गेलो. मामा मोटारीतून उतरले नाहीत. त्यांनी ती वळवून तिची पाठ मेहुणीच्या दाराकडे केली आणि पेडल दाबून धरलं. मामी ओट्यावर आल्या. मामा समोर काचेतून बघत होते.

"काय दिसते?"

"दोन्ही सारखे."

"अन् त्या दिवशी?"

"त्या दिवशी उजवा मंद होता."

"होता," मामा म्हणाले.

माफी म्हणून त्यांच्या तोंडून संसारात निघालेला हा एकुलता एक शब्द असावा. मामींनी त्यांना आणखी तीनदा पेडल दाबायला लावलं, आणि मगच त्या पिशवी आणायला आत गेल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामी वारल्या. मोटारही फारशी बाहेर पडेना, पण सकाळचं पेडल काही सुटलं नाही. मी कचेरीत जाताना मागे उभा राहायचो. मंद असला तर मंद सांगायचो. एका सकाळी मामांनी पेडल दाबलं आणि दोन्ही काचा तशाच काळ्या राहिल्या. बॅटरी अखेर बसली असावी. आत बसलेल्या म्हाताऱ्याची मान मला मागच्या काचेतून दिसत होती. 'लागले' म्हणायला काय लागतं, असं क्षणभर वाटलं.

"नाही लागले, मामा."

मग त्यांनी पेडलवरून पाय काढला.

"बरं झालं खरं सांगितलं गा तू," ते म्हणाले. "तीही असंच सांगे."