कारकुनाचे नव्वद दिवस

आमची ताई कुत्र्यांना घाबरते. घाबरते म्हणजे कशी, तर समोरून कुत्रं येताना दिसलं की रस्ता ओलांडते, आणि पलीकडेही कुत्रं असलं तर जे दुकान दिसेल त्यात शिरते. एकदा अशीच पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन बसली होती. पंधरा मिनिटं पेपर वाचला म्हणे. आठ वर्षांची असताना शेजारच्या कुत्र्याने तिच्या मनगटाचा लचका तोडला होता. तो व्रण अजून आहे, आणि तो झाकायला ती रुंद पट्ट्याचं घड्याळ घालते.

अशा बाईने कुत्र्यांवर सिनेमा काढावा, याला काय म्हणायचं? ‘सिनेमा’ म्हटलेलं तिला चालत नाही. ‘व्हिडिओ’ म्हणायचं.

आमचा फोटोचा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे, ओळखपत्रांचे, परीक्षेच्या अर्जांचे फोटो. ताई काढते, मी, तिचा धाकटा भाऊ, ते छापतो, कापतो आणि गिऱ्हाइकांशी भांडतो. तीस वर्षं हेच चाललंय. लग्न दोघांनीही केलं नाही, त्यामुळे घरी गेल्यावरही एकमेकांचंच तोंड. ताईचा हात चांगला आहे, हे मी तिला कधी सांगत नाही. आईच्या कडेवरचं मूल लेन्सकडे बघत नसलं, की ती दुकानाच्या शटरच्या किल्ल्यांचा जुडगा लेन्सच्या वर धरून खुळखुळवते. मूल डोळे मोठे करून बघतं, आणि काम फत्ते. ही युक्ती लक्षात ठेवा.

गावाबाहेर बेवारस कुत्र्यांचं आश्रयगृह आहे. कुत्र्यांना घरं मिळावीत म्हणून पिंजऱ्यांवर लावायच्या कार्डांसाठी त्यांना फोटो हवे होते. जाणार होतो मी, पण ऐन वेळी माझी कंबर धरली. ताई गेली. परत आली तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

“अरे, ती सगळी आपल्या गिऱ्हाइकांसारखी बसलीत,” ती म्हणाली. “आपला नंबर कधी लागेल, अशी.”

मला वाटलं, कानाला खडा लावला असेल. पुढच्याच आठवड्यात बाई कॅमेरा घेऊन पुन्हा हजर! आपल्याला ज्याची भीती वाटते त्याच्याकडे रोखून बघायचं असेल तर मध्ये काच असलेली बरी, एवढंच काय ते तिने मला सांगितलं.

तिथल्या पिंजऱ्यांना दोन बाजू आहेत. पुढून रुंद वाट, तिथून भेटायला आलेली माणसं फिरतात. मागून अरुंद बोळ, झाडलोटीचा. पुढच्या वाटेवर लोक कुत्री पट्ट्याने धरून हिंडवतात, म्हणून ताईने मागचा बोळ धरला. टेपने मोजून गजांपासून पाच फुटांवर खडूने रेघ मारली, रेघेमागे बुटका ट्रायपॉड आणि स्टूल. “ही रेघ मी ओलांडणार नाही,” असं तिने देखरेखीच्या काकांना पहिल्याच दिवशी बजावलं. काका वीस वर्षं तिथे आहेत. त्यांनी मान डोलावली आणि झाडू पुढे सरकवला.

भेटीची वेळ तीन ते पाच. ताईचा बेत असा : त्या वेळात एकेका कुत्र्याला तासभर न थांबता टिपायचं, मध्ये कुठे तोडायचं नाही. अशा बारा कुत्र्यांचे बारा टीव्ही एका बंद पडलेल्या प्रतीक्षालयात जमिनीवर ठेवायचे. बघणाऱ्यानेही खाली बसायचं, कुत्र्याच्या नजरेला नजर द्यायची. एका प्रदर्शनवाल्या बाईंना ही कल्पना भलतीच आवडली आणि तारीखसुद्धा ठरली.

चौदा नंबरच्या पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्रा होता, एक कान फाटका. पुढचे दोन्ही पाय जुळवून, साहेबांच्या केबिनबाहेर फाइल घेऊन ताटकळल्यासारखा बसायचा. ताईने नाव ठेवलं कारकून. बाकीची कुत्री भुंकत, झोपत, भिंत खरवडत. हा मात्र तासन्‌तास थेट लेन्समध्ये बघे. ताई रोज त्याच्याकडेच जायला लागली. फुटेज दाखवून म्हणायची, “बघ, डोळे बघ याचे.” मी कोरडा माणूस, पण मीही ते पुन्हा लावायला सांगितलं.

एक दिवस तिने काकांना विचारलं, कार्डावर लाल गोलात आकडा कसला?

“दिवस,” काका म्हणाले. “नव्वद दिवस ठेवतो आम्ही. जागाच नाही हो. मग डॉक्टर येतात.”

“डॉक्टर कशाला?”

काका झाडू घेऊन पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. कारकुनाच्या कार्डावर एक्काहत्तर होता.

तेव्हापासून ताईचा जीव टांगणीला लागला. सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन: “कुणी नेलं का?” नाही. जेवताना आकडा, दात घासताना आकडा. मी एकदा म्हटलं, आपणच आणू. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरात वाघ आणायला निघालोय. “मग मी राहू कुठे?” ती म्हणाली. आणि लगेच, “इतका शहाणा आहे तो. नेईल कुणीतरी.”

अठ्ठ्याऐंशीवा दिवस रविवार होता. दुकान बंद, शटर अर्धं खाली. ताई मोठ्या स्क्रीनवर फुटेज जुळवत होती, मी फोटो कापत होतो.

“इकडे ये,” ती म्हणाली. आवाज ओळखू येईना.

स्क्रीनवर कारकून, टक लावून बघणारा. त्याच्या पाठीमागे, पुढच्या गजांपलीकडे, धूसर बूट येऊन थांबले. कुणीतरी उकिडवं बसलं. एक लहानसा हात गजांतून आत आला, बोटं हलली. कारकुनाचा फाटका कान मागे वळला. मान वळू लागली. तेवढ्यात किल्ल्या खुळखुळल्या. कान पुढे आला. कारकून पुन्हा लेन्समध्ये बघू लागला. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग बूट निघून गेले.

आता मला उमगलं. शूटिंगच्या वेळी कुत्र्याकडे थेट बघायची तिला भीती, म्हणून तिची नजर कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर. आणि त्यात ती बघायची ते फक्त डोळे; मागचे धूसर बूट तिथे कळायचेच नाहीत. नजर ढळली की किल्ल्या. तीस वर्षांची सवय! तिने सगळं फुटेज पुन्हा काढलं. अकरा जोड बूट, अकरा वेळा किल्ल्या.

“कुत्र्याला काय कळतं,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“त्याला न्यायला माणसं आली होती रे,” ताई म्हणाली. “मी त्याला वळू दिलं नाही.”

सोमवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं गेलो. काकांनी ऐकून घेतलं आणि कार्ड दाखवलं. त्यावर त्यांनीच लिहिलं होतं : ‘माणसांत येत नाही.’ “लोक तसंच सांगायचे हो. पाठ करून बसतो म्हणायचे.” असा शेरा असताना वरच्यांकडे मुदत मागायलाही काकांना तोंड नव्हतं.

ताई पहिल्यांदाच पुढच्या वाटेवर उभी राहिली, भिंतीला चिकटून. कारकून तिच्याकडे पाठ करून रिकाम्या बोळाकडे बघत होता. एक जोडपं मुलीला घेऊन चौदा नंबरपाशी आलं. ताईने घाईघाईने किल्ल्या काढल्या, वाजवल्या. कारकून गर्रकन वळला आणि आनंदाने गजांवर झेपावला. ताई किंचाळली. किल्ल्या खाली पडल्या, मुलगी रडायला लागली आणि ते जोडपं चालतं झालं. घरी येताना ताई एवढंच म्हणाली, “दोनदा मारलं मी त्याला.”

मंगळवारी, नव्वदाव्या दिवशी, कुणीच आलं नाही. साडेचारला डॉक्टरांची गाडी फाटकातून आत आली. ताईने ती बघितली आणि माझी बाही घट्ट धरली.

“अर्ज घे,” ती म्हणाली.

कारकुनाला घरी न्यायचा अर्ज तर मी सकाळीच घेऊन खिशात ठेवला होता. पण तिथला नियम कडक आहे : घरातल्या प्रत्येकाने कुत्र्यासोबत पिंजऱ्यात दहा मिनिटं बसायचं, तेव्हा कुठे काका सही करणार. मी बसून आलो. कारकुनाने माझे बूट हुंगले आणि सोडून दिले. मग ताई. ती मागच्या बाजूनेच जाणार म्हणाली. बोळात ती रेघेपाशी थांबली, चपला काढल्या, परत घातल्या. डॉक्टर हातात बॅग घेऊन उभे होते.

तिने रेघ ओलांडली. काकांनी दार लावलं.

ती कोपऱ्यात बसली, दोन्ही मनगटं काखेत दडवून, डोळे गच्च मिटून. ती रडत होती, आणि ते प्रेमाने नव्हे, हे सांगून ठेवतो. भीतीने. कारकून जवळ आला की तिचा श्वासच अडकायचा.

“किती झाली?”

“चार.”

“खोटं बोलतोस! घड्याळ बंद पडलंय तुझं.”

सहाव्या मिनिटाला तो तिच्यासमोर येऊन बसला, पुढचे पाय जुळवून. तिने डोळे उघडले. मध्ये काच नव्हती. तिला हुंदका आला, पण ती उठली नाही. दहा मिनिटांनी काकांनी सही केली. डॉक्टर बॅग घेऊन गाडीकडे गेले, आणि ताईला मी दंडाला धरून बाहेर काढलं.

प्रदर्शन ठरल्या दिवशी झालं. बाराव्या टीव्हीवर कारकून होता, आणि किल्ल्यांचा आवाज तिने मुद्दाम मोठा ठेवला होता. लोक समोर बसून डोळे पुसत. “ही नजर कशी मिळवलीत?” असं विचारत. ताई प्रत्येकाला त्याच्या पाठीमागचे बूट दाखवायची आणि मग सांगायची. प्रदर्शनवाल्या बाई म्हणाल्या, अहो, हे कशाला सांगता? तरी ती सांगत राहिली.

यालाही आता सात महिने झाले. तिची भीती गेली असेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. खोलीला ती आतून कडी लावते. तो उठला की पाय वर घेते. त्याला खाणं मी घालतो, फिरवतोही मीच.

संध्याकाळी दुकानातून मात्र ती माझ्या आधी निघते. परवा मी जरा लवकर आलो, तर ती अजून जिन्यावर, आमच्या दारासमोर उभी. हातात किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर घाम. आतून नखांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. तो पलीकडे येऊन बसला होता.

“मी उघडू का?” मी विचारलं.

“नको,” ताई म्हणाली. “त्याने किल्ल्या ऐकल्यात.”

तिने डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.