पेटीतलं हिरवं गवत

बार्शीहून निघालेली एसटी हडपसरला पोचली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. रिक्षावाला म्हणाला, "मीटरनेच चला." माझा संशय तिथूनच सुरू झाला.

शकीलभाईंकडे उतरलो. निवृत्तीपर्यंत आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. चहा-खारी होताच त्यांनी माझ्या हातात पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. इथले फिरायला जाणारे लोक म्हणे टेकडीवरच्या रोपांना घरून पाणी नेतात. एवढा चांगुलपणा मला खटकलाच.

वर ऑक्टोबरच्या उन्हानं कुसळी (पायजम्याला टोचून बसणारं गवत) पिवळी पडली होती. त्यातच बिनछपराच्या दहा पारदर्शक पेट्या रोवलेल्या. "बिल्डरची मोजणी दिसते," मी म्हणालो. शकीलभाईंनी दोन पेट्यांत बाटल्या रिकाम्या केल्या. "आत किती तापतंय बघा. बिचारं गवत!"

आम्ही निघणार तोच वही घेऊन एक मुलगी आली. मी दरडावलं, "कुणाच्या परवानगीनं हे?"

"वनखात्याच्या. लेटर वाचणार का?"

मृणाल तिचं नाव. पेटीत हवा बाहेरच्यापेक्षा जरा जास्त तापते. पुढे हवामान तापेल तेव्हा कुठलं गवत टिकेल, कुठलं तण माजेल आणि हवेतला कार्बन किती शोषला जाईल, हे ती पीएचडीसाठी तीन वर्षं मोजत होती.

"आठ पेट्यांत कुसळी मरतेय, कार्बन शोषणंही घटलंय. ह्या दोनच उलटं दाखवतात. गाईडना वाटतं, मी आकडे बनवतेय."

शकीलभाई खाली बघत म्हणाले, "बेटा, ह्या दोघींना पाणी मी घालतो. पावसाळा संपला की रोज."

तिनं वहीची पानं भराभर मागे उलटली. "तीन वर्षं?"

"मग काय, वाळू द्यायचं?"

"हो काका. वाळतंय का, तेच तर बघायचंय."

मला तिची, आणि त्यांचीही, फार दया आली. शकीलभाईंनी तिची वही मागून घेतली, कुठल्या पेटीत किती पाणी घातलं ते स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. "गाईडना दाखव. नाही पटलं तर मी येतो."

मी निघायच्या दिवशी आम्ही पुन्हा वर गेलो. दोन्ही पेट्यांतलं गवत माना टाकत होतं. शकीलभाईंनी बाटल्या माझ्याकडे दिल्या. "तुम्हीच धरा, गुरुजी. माझा माझ्यावर भरवसा नाही."

परतीच्या एसटीत मला कुणावरच संशय घेता येईना. भीती मात्र वाटत होती. त्या आठ पेट्यांत जे चाललंय ते उद्या सगळ्या माळांवर होणार, आणि तेव्हा शकीलभाईंना कुणी अडवणार नाही, पण त्यांचं पाणी पुरणार नाही.