शेवटचा एक फोटो

मनालीत गिऱ्हाइकं उतरली की मी गाडीतच कॅमेऱ्यात रोल भरतो. पाकीट फाडल्यावर औषधासारखा वास येतो आणि मी मनानं थेट कंधारच्या किल्ल्यावर पोचतो.

आठवीत शाळा सोडून मी ड्रायव्हर झालो. एका म्हाताऱ्या प्रवाशानं हा घडीचा कॅमेरा मला दिला, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. एका रोलवर बाराच फोटो निघतात. सुट्टीत आईला किल्ला दाखवायला नेलं, तिथं अकरावा फोटो तिचा काढला. सोबत लातूरचे दाजी होते, शिकवणीचे सर.

"बघू, कसा आलाय," म्हणत त्यांनी भर उन्हात मागचं झाकण उघडलं.

"दाजी, लावा ते! आईचा फोटो जळाला!"

"आठवी नापास मला शिकवायलाय!"

"जाऊ दे बाळा, दुसरा काढ," आई म्हणाली.

आत गुंडाळलेला, अजून न काढलेला बारावा तेवढा वाचला होता. तटाखाली गाढव चरत होतं. मी त्याचा फोटो काढला, रोल पुढं सरकवलाच नाही आणि त्याच जागी दाजींचा काढला.

रोल धुतल्यावर दाजींच्या डोक्यावर लांब कान आले. फोटो मोठा करून मी त्यांच्या शिकवणीच्या पत्त्यावर पाठवला. त्याचा आनंद मला अजून होतो.

आई पुढच्याच वर्षी गेली. त्या दुपारी मी दाजींना उभं करत होतो, तेव्हा ती पदर नीट करून बाजूला थांबली होती. तिला वाटलं, आता तिचाच नंबर आहे.