हलका हात

चमचा खरा चांदीचा आहे की नाही हे ओळखायला मावशीला डोळे लागत नसत. कढत पाण्यात ती चमचा उभा बुडवायची आणि दांड्याचं टोक दोन बोटांत धरून थांबायची. खऱ्या चांदीला धीर नसतो. खाली पाणी लागतं न लागतं तोच वर बोटांना चटका बसतो. खोटी चांदी वाट पाहायला लावते.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी त्या घरात कामाला लागली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिथेच होती. स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची, रविवारी दुपारी आमच्याकडे यायची. काम एकच, जुन्या भांड्यांचं कपाट सांभाळणं. चोवीस माणसांचा, सोनेरी काठाचा पातळ चिनी मातीचा सेट, आणि चोवीस माणसांची चांदी: चमचे, काटे, सुऱ्या, वाढायचे डाव, चहाची किटली, साखरेचा चिमटा. घराच्या मालकिणीला सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांच्याकडे हे सगळं सासूच्या सासूपासून आलेलं.

थोरल्या बाईंनीच तिला काम शिकवलं. लाकडी टबाच्या तळाशी टॉवेलची घडी. चिनी मातीला पाणी कोमटच, कढत पाण्याने सोनेरी काठ उडतो. एका वेळी एकच बशी. दोन जणी टबात एकत्र आल्या की भांडतात. सुऱ्या बुडवायच्या नाहीत, मुठीतली लाख सुटते. चांदीला अंडं लागलं तर लगेच धुवायचं, मीठ लागलं तर त्याहून लगेच. खडूची पूड ओली करून फ्लॅनेलच्या फडक्याने सरळ रेषेत घासायचं, गोल गोल नाही. खणात खडूचा एक तुकडा ठेवायचा, ओल त्याने प्यावी म्हणून. आणि रबर बँड त्या खोलीत आणायचासुद्धा नाही, कारण रबर नुसतं शेजारी असलं तरी चांदी काळी पडते.

"काही माणसंही तशीच असतात," थोरल्या बाई म्हणायच्या. "नुसती शेजारी आली तरी पुरतं." आणि मावशीकडे बघायच्या.

दुसऱ्या वर्षी मावशीच्या हातून एका कपाच्या काठाचा टवका उडाला. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी कप धुवून तिच्या हातात दिला. "आजपासून तुझा चहा यात." पहिल्या दिवशी तिचा ओठ कापला. दुसऱ्या दिवशी ती कप फिरवून धरायला शिकली. मी तिच्या खोलीवर जायचे तेव्हाही ती त्याच कपातून चहा प्यायची, टवका भिंतीकडे करून. घरात दुसरे कप नव्हते असं नाही.

अकरा वर्षांपूर्वी बाईंचे धाकटे भाऊ येऊन चांदीच्या दोन पेट्या घेऊन गेले. सोनाराकडे झळाळी द्यायला, असं सांगण्यात आलं. तीन आठवड्यांनी पेट्या परत आल्या. मावशीने सवयीने पहिला चमचा कढत पाण्यात धरला आणि थांबली. थांबूनच राहिली. मग त्यावर नखाने टिचकी मारली. चांदी टिचकीनंतर बराच वेळ स्वतःशी गुणगुणते. हा टक् म्हणाला आणि गप्प झाला.

थोरल्या बाई दारातच उभ्या होत्या.

"बाई, हे आपले नाहीत."

"मग कुणाचे?"

"आत पितळ आहे. वर नुसता मुलामा."

"तुला सोनारकाम कधीपासून यायला लागलं?"

मावशीने चमचा खाली ठेवला. मग तिला राहवलं नाही. "पण दर आठवड्याला घासलं तर दोन वर्षांत खालचं दिसायला लागेल, बाई."

"मग घासू नकोस."

"काळी पडेल. पाहुणे येतात."

"काळी पडता कामा नये आणि झिजताही कामा नये. इतकी वर्षं जेवायला घालतेय ते कशाला?" जाता जाता बाई वळल्या. "आणि एक लक्षात ठेव. पितळ दिसेल त्या दिवशी कुणी मला विचारणार नाही. चावी तुझ्या कमरेला असते."

चांदी कशासाठी विकली हे मावशीने कधी विचारलं नाही. तिला एवढंच कळलं की आता जी राखायची होती ती चांदी नव्हे. राखायचा होता वरचा कागदाहून पातळ थर, आणि त्या थरावर तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं.

तिने पूड वापरणं सोडलं. जुन्या चादरी धुऊन धुऊन मऊ केल्या आणि प्रत्येक चमच्याला, प्रत्येक काट्याला वेगळी पिशवी शिवली, तोंड दोनदा दुमडून, हवा लागू नये म्हणून. सुती हातमोजे घालूनच ती कपाट उघडायची. पाहुणे अजून टेबलावर हसत असायचे तेव्हाच तिचे अर्धे काटे धुऊन झालेले असायचे. पुसायचं म्हणजे तोंडाजवळ धरून एक श्वास सोडायचा आणि फडकं एकदाच, मुळापासून टोकाकडे, पिलाच्या पाठीवरून बोट फिरवावं तसं न्यायचं. चमचा उताणा ठेवला की पाठीवर जिथे टेकतो तिथे तर फडकं लावायचंच नाही, कारण मुलामा आधी तिथला जातो. या कामाला रोज दोन तास लागत. घासण्याला अर्धा तास पुरला असता.

अकरा वर्षं पितळ दिसलं नाही. कौतुक करणार कोण? ज्या एकीला ठाऊक होतं ती त्याबद्दल बोलत नव्हती.

आमच्या घरी आली की मावशी जेवण झाल्यावर स्टीलच्या चमच्यांवरून अंगठा फिरवायची. "यांचं बरं असतं गं," ती म्हणायची. "कितीही घासा, आत तेच."

मधल्या काळात बाईंचे भाऊ वारले. बाईंच्या मुलाचं, म्हणजे साहेबांचं, लग्न झालं, धाकट्या बाई घरात आल्या. त्यांना घर हातात घ्यायचं होतं आणि सासू ते सोडत नव्हती, म्हणून त्यांनी कपाटं उघडायला सुरुवात केली. एका दुपारी, दुसऱ्या दिवशी साहेबांचे वरिष्ठ जेवायला येणार होते तेव्हा, धाकट्या बाई चांदी घासायच्या पुडीचा डबा घेऊन जेवणाच्या खोलीत आल्या. थोरल्या बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल. आचारी टेबलाशी उभा होता. मावशी पिशव्यांतून चमचे काढत होती.

"हा डबा मी मागच्या वर्षी आणला," धाकट्या बाई म्हणाल्या. "सील तसंच आहे. रोज दोन तास दार लावून आत काय करता तुम्ही?"

"पुसते."

"कशाने?"

"फडक्याने."

"म्हणजे पूड मी तुमच्या तोंडाला लावायला आणली."

आचारी खुदकन हसला.

"बसा इथे. माझ्यासमोर घासा, मला बघू दे कसं घासतात ते."

मावशीने थोरल्या बाईंकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. राहू दे, मला असेच आवडतात, एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या तरी डबा परत गेला असता. बाईंनी शालीचं टोक सरळ केलं.

"सांगतेय ना ती?" त्या म्हणाल्या. "घास."

मावशीने एक मोठा चमचा घेतला आणि पूड बोटाच्या टोकावर घेतली, जेमतेम.

"अंगात जीव नाही का? जोर लावा."

तिने जोर लावला. किती वेळा फडकं फिरलं हे तिने मला नंतर आकड्यासकट सांगितलं. चौदाव्या वेळी फडक्याखाली काहीतरी बदललं. ते डोळ्यांआधी हाताला कळतं. चमच्याच्या पाठीवर नखाएवढा पिवळा डाग होता.

धाकट्या बाईंनी तिच्या हातातून चमचा ओढून घेतला. मग दुसरा घेतला, तो स्वतः घासला, तिसरा, चौथा. पूड त्यांच्या बांगड्यांवर उडत होती. सहाव्यानंतर त्या थांबल्या.

"पितळ उघडं पडणं म्हणतात ते हेच होय," आचारी म्हणाला. त्याला कुणी गप्प केलं नाही.

साहेबांना बोलावलं. हा मुलगा मावशीच्या हातून भात खाऊन मोठा झालेला. लहानपणापासून तो तिला 'अगं' म्हणायचा. त्याने टेबलावरचे सहा चमचे पाहिले आणि विचारलं, "चांदी कुठे आहे? तुम्ही सांगा."

ते 'तुम्ही' मावशी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती. ती टेबलाला धरून म्हणाली, "बाईंना विचारा. अकरा वर्षांपूर्वी पेट्या कोण घेऊन गेलं ते विचारा."

"कोण?" थोरल्या बाई म्हणाल्या.

"तुमचे भाऊ, बाई."

"मेलेल्या माणसावर घालतेस?" बाईंचा आवाज अजिबात चढला नाही. "कपाटाची चावी माझ्याकडे कधी होती? पिशव्या कुणी शिवल्या? हातमोजे घालून, दार लावून कोण बसायचं? मला तेव्हाच वाटायचं, एवढी काळजी कशाची."

अकरा वर्षांचं सगळं काम त्यांनी टेबलावर मांडलं होतं, एकेक नग, आणि प्रत्येक नग मावशीकडे बोट दाखवत होता.

साहेब पोलिसांचं बोलले. तेव्हा मात्र बाईंनी हात वर केला. "नको. घराण्याची अब्रू आहे. आणि या वयात कुठे जाईल ती? झालं ते झालं, मी पोटात घातलं."

सून म्हणाली, "आई, तुमचं मन फार मोठं." मावशी खाली बघत होती. आणखी कुणी आणखी काही विचारू नये म्हणून ही क्षमा, हे तिला समजलं. पण समजून करणार काय? गुडघे दुखत होते, खोली तीच होती, आणि दुसरं कुठलंही घर आधी हेच विचारणार होतं की तिथलं का सोडलंत. धाकट्या बाईंनी पुढे हात केला. मावशीने कमरेची चावी सोडून त्यावर ठेवली.

रविवारी ती आमच्याकडे आली. तिने सगळं सांगितलं, कढत पाण्यापासून. आईने ताट वाढता वाढता ऐकलं. मग माझ्याकडे न बघता खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, मला तरी खरं सांग. घेतलीस का?"

मावशी जेवत राहिली.

"नाही, म्हणजे," आई म्हणाली, "घेतली असतीस तर निदान आपल्या कुणाचं काही भलं झालं असतं."

त्या दिवशी मावशीने चमच्यांवरून अंगठा फिरवला नाही. स्वतःचं ताट घासून पालथं घातलं आणि गेली. पुढचे काही महिने ती आली नाही.

मग मीच गेले. थोरल्या बाई आता आजारी होत्या. उजवा हात थरथरायचा, म्हणून खोलीतच जेवायच्या आणि कुणीतरी भरवावं लागायचं. पाहुण्यांसाठी धाकट्या बाईंनी नवी कटलरी आणली होती. जुनी सासूच्या खोलीत पाठवली होती. "त्यांची चांदी त्यांनाच लखलाभ," असं म्हणून. आणि भरवायचं काम मावशीला दिलं होतं, कारण दुसरं कुणी ते करायला तयार नव्हतं.

मी दारात उभी होते. मावशी बाईंच्या पलंगाला टेकून खाली बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर पूड, आणि चमच्यांचा ढीग. ती घासत होती. हातमोजे नव्हते. दात ओठांवर रोवून, खांद्यातून जोर काढून, गोल गोल. डाव्या बाजूला झालेले चमचे होते, पिवळेधमक, त्यांच्यावर चांदीचा कणही उरला नव्हता. उजव्या बाजूला थोडेच राहिले होते.

"किती जोरात," बाई म्हणाल्या. "कानात जातंय माझ्या."

"धाकट्या बाईंचा हुकूम आहे. हलक्या हाताने काम होत नाही म्हणतात."

"राहिलेत तेवढे तरी ठेव."

"कशाला?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. सांगायचं तर अकरा वर्षं सांगावी लागली असती. दारावरून धाकट्या बाईंची मोलकरीण कपडे वाळवायला चालली होती, आणि भिंतीपलीकडे साहेब फोनवर बोलत होते.

थोड्या वेळाने आचाऱ्याने आंबट कढण आणून ठेवलं. मावशीने हात पुसले, नुकता घासलेला एक चमचा घेतला आणि बाईंच्या ओठांशी नेला. आंबट पितळेला लागलं की कळकतं, जिभेला धातूची चव येते, हे ज्याने भांडी घासली आहेत त्याला सांगावं लागत नाही. बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कळकट लागतंय."

"कळकट कसं लागेल, बाई? चांदीच आहे."

बाईंनी तोंड मिटलं. मावशी चमचा तसाच धरून थांबली. तिला थांबायची सवय होती. चमचा ओठांना टेकलेला होता, आणि वाटीत अजून बरंच कढण होतं. अखेर बाईंनी तोंड उघडलं.