मागच्या सीटवरचा बस्ता

आमच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता आम्ही गाडीच्या मागच्या सीटवर बसून बांधला. दुकान बंद नव्हतं. दुकान चांगलं समोर होतं, काचेचं दार उघडून माणूस "या, या" करत उभा होता. आम्हाला फक्त गाडीतून उतरता येत नव्हतं.

हे असं होणार हे मला माहीत होतं. तसं म्हटलं की आमचे हे विचारतात, "मग आधी का नाही सांगितलंस?" वर्षभर दुसरं काय सांगत होते मी?

कोरेगावात माझं मिरची कांडपाचं दुकान आहे. मशीनचा पट्टा तुटला की माणूस येतो, पट्टा बसवतो, मशीन चालू होतं, तो चहा पिऊन जातो. दुरुस्ती म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. म्हणूनच गाडीच्या बाबतीत जे चाललं होतं त्याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही.

पहिल्यांदा मागचं डावं दार वळणावर आपोआप उघडायला लागलं. गाडी सर्जेराव मेस्त्रींकडे गेली. ते ह्यांचे शाळेतले दोस्त. (दुसऱ्या कुणाकडे गाडी नेली तर ह्यांना शाळेशी बेइमानी केल्यासारखं वाटतं.) सर्जेरावांनी दार असं काही बसवलं की ते वळणावर उघडेना आणि थांबल्यावरही उघडेना. "आता काळजीच न्हाई वैनी," म्हणाले, "पोरंबाळं पडायचा प्रश्नच मिटला." पोरंबाळं कुठली? आमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस लग्नाला आलेलं!

मग सगळ्यांनी उजव्या दारानं उतरायचं ठरलं. तर ते आतून उघडेनासं झालं. ते केलं, तर त्याची काच एक वीतभर खाली येऊन थांबायला लागली. काच केली, तर दार उघडताना हॉर्न वाजायला लागला. हॉर्नचं केलं, तर दार पुन्हा पहिल्यासारखं, म्हणजे मनात आलं तर उघडणार, आणि काचही पुन्हा वीतभरच. सर्जेरावांचं निदान मात्र कायम एकच. "वैनी, तुमी दार लय जोरात लावताय." मी हळू लावायला लागले, तर म्हणाले, "हळू लावलं की नीट बसत न्हाई, म्हणून आसं हुतंय."

शेवटी मी हट्टानं गाडी साताऱ्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या टाय लावलेल्या साहेबांनी लॅपटॉप जोडला, सिस्टीममध्ये काही फॉल्ट दिसत नाही असं सांगितलं आणि गाडी धुऊन दिली. मी म्हटलं, थांबा, दाखवतेच. आत बसले, दार लावलं, हँडल ओढलं. दार उघडलं! लोण्यासारखं उघडलं. त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात, ह्यांचा चहा आणि पेपर दोन्ही संपेपर्यंत मी आत बसून काच बडवत होते.

अशा गाडीनं बस्त्याला जायचं होतं.

बस्त्यात दोन्हीकडची माणसं एका दुकानात बसून लग्नाचे कपडे घेतात, आणि सुपारी फोडताना जेवढं गोड बोललेलं असतं ते सगळं तिथं फिटतं. माझ्या चुलतबहिणीचं लग्न विहिणीच्या साडीच्या काठावरून मोडलं. विहीण तडक उठली, पायात चप्पल सरकवली, मागोमाग नवरदेव, संपलं. आमच्या मानसीला मुलगा मनापासून आवडलेला. विहीणबाई तासगावच्या, द्राक्षबाग सांभाळणाऱ्या, अतिशय करारी. सुपारीच्या जेवणात आमटी अळणी लागली म्हणून त्यांनी पान तसंच सारलं होतं. तेव्हापासून बस्त्याच्या धास्तीनं मानसीला झोप नव्हती. मी ठरवलं, विहीणबाईंना कसली म्हणून तोशीस पडू द्यायची नाही. आणि मीच फोन करून सांगितलं की आम्ही तुम्हाला न्यायला येतो. (घरची गाडी असताना भाड्याची कशाला, असंही मी म्हणाले होते. हे ह्यांनी लिहायला लावलंय.)

तासगावात विहीणबाई ऐटीत गाडीत बसल्या. बरोबर बेदाण्याच्या पेट्या होत्या, त्यांनी डिकी भरली. हे आणि मानसी पुढं, आम्ही दोघी मागं. दार विहीणबाईंनी लावलं. मी कान देऊन ऐकलं, आवाज बरा आला.

सांगलीत कापडपेठेत दुकानासमोर गाडी थांबली. पुढची दोघं उतरली. विहीणबाईंनी हँडल ओढलं. पुन्हा ओढलं.

"आवं ईनबाई, दार उघडंना झालंय."

"थोडं कडक आहे," मी म्हणाले.

ह्यांनी बाहेरून जोर लावला आणि हँडल ह्यांच्या हातात आलं. ह्यांनी ते शांतपणे खिशात ठेवलं, जणू तेच आणायला आले होते. माझ्या बाजूचं दार तर सर्जेरावांनी कायमचंच मिटवलेलं. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या पुढच्या सीटवर चढून जाणार नाहीत. डिकीत बेदाणे. मी पुढून उतरू शकले असते. पण विहिणीला आत कोंडून मुलीची आई बाहेर पडली, ही बातमी पार विट्यापर्यंत गेली असती. मी बसून राहिले.

ह्यांनी सर्जेरावांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून मोबाईल काचेच्या फटीशी धरला. पलीकडून खात्रीचा आवाज आला, "वैनींनी दार जोरात लावलं आसंल."

विहीणबाई फटीकडं सरकल्या. "दार मी लावलंय. मी नवऱ्यामुलाची आई. बोल आता."

पलीकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "आवं ताई, तुमी लावलं म्हंजे बराबरच लावलं आसंल."

"मग उघडंना का झालंय?"

सर्जेरावांना तेवढ्यात रेंज मिळेनाशी झाली.

आता दुकानदार व्यापारी माणूस. लग्नाचं गिऱ्हाईक दारात येऊन दारातच अडकलेलं पाहून तो साड्यांचे गठ्ठे घेऊन बाहेरच आला. बॉनेटवर पांढरी चादर अंथरली आणि एकेक साडी उलगडायला लागला. आम्ही दोघी पुढच्या काचेतून बघत होतो. पदराचा पोत बघायचा असला की तो पदर फटीतून आत सोडायचा. माणसं जमली. एक रिक्षावाला रिक्षा बंद करून उभा राहिला. लिंबं विकणारी एक बाई टोपली खाली ठेवून म्हणाली, "मावशे, मोरपंखी घे, तुला खुलंल." विहीणबाईंनी मोरपंखी घेतली. स्वतःच्या साडीवर एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, निभावलं.

तेवढ्यात शालू आला. विहीणबाईंना डाळिंबी हवा होता, मानसीनं शेवाळी अंगावर लावून पाहिला होता आणि तो तिला सोडवेना. विहीणबाई म्हणाल्या, आमच्यात नवरी डाळिंबीच नेसती. मी म्हणाले, नेसणारीच्या आवडीचंही बघायला हवं. (कुणी सांगितलं होतं मला बोलायला?) बाहेर मानसीचा चेहरा पांढराफटक, हातात तो शेवाळी शालू. विहीणबाईंनी मान फिरवली, पदर खोचला आणि तडक उठून जायला हँडल ओढलं. दार उघडलं नाही. मलाही राग आला होता, मी माझ्या बाजूचं ओढलं. ते तर कधीच उघडत नव्हतं.

आम्ही दोघी आपापल्या काचेतून बाहेर बघत बसलो. आत उकडत होतं. फटीतून अजून एक पदर आत लोंबत होता. मग माझ्या शेजारची सीट हलायला लागली. विहीणबाई हसत होत्या.

"ईनबाई, रुसून जायचं म्हटलं तरी जायाचं कुठनं वं?"

मग मीही हसले. हसता हसता ठरलं, अक्षतांना डाळिंबी, संध्याकाळी शेवाळी. मानसीनं चादरीवरच बसकण मारली.

बांधाबांध झाली. मानसी पुढं येऊन बसली आणि तिनं तिचं दार ओढून घेतलं. त्याबरोबर मागं 'टक' असा आवाज झाला आणि विहीणबाईंचं दार आपोआप उघडलं. मी संतापानं काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आता उतरून काय करायचंय? चला घरला." दार त्यांनी पुन्हा लावलं. तासगावात ते ह्यांनी पक्कड घालून उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्जेरावांच्या गॅरेजवर गेले. काय काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं. ह्यांनी आधीच सगळं सांगून ठेवलेलं. सर्जेराव हात पुसत म्हणाले, "वैनी, भांडण न होता बस्ता झाला. आमच्या पंचक्रोशीत कवा झालाय का आसा?" घोकलेलं सगळं सोडून मी तिथंच जाहीर केलं की पुन्हा या गॅरेजची पायरी चढणार नाही.

लग्नाच्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. मानपानाचं सगळं ठरल्याप्रमाणे, फक्त एक करा म्हणाल्या, त्या दार बसवणाऱ्याला बोलवा आणि त्याचा फेटा-नारळ करा, नाहीतर मला बरं वाटायचं नाही. विहिणीला नाही कोण म्हणणार? मांडवात माईकवरून नाव पुकारलं गेलं, हे फेटा बांधायला पुढं झाले, आणि नारळ माझ्या हातानं द्यायला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले, तसा फोटोच आहे.

आणि नारळ हातात देता देता, पंचक्रोशीतल्या सगळ्या माणसांसमोर, मी सर्जेरावांना हळूच विचारलं की रविवारी गाडी घेऊन आले तर चालेल का.